सैल खुंट्यांचा पियानो

अण्णांनी टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्याच वर्षी मिसबाईंचा कॅम्पातला बंगला बिल्डरनं घेतला आणि त्यांचा पियानो आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये येऊन पडला. पडला असंच म्हणायला हवं. आमचा फ्लॅट तळमजल्यावर होता म्हणून हमालांनी तो कसाबसा आत आणला, पण हॉलमध्ये टेकवताना त्याच्या पोटातून असा काही आवाज निघाला की आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

आई नागपूरची. महापालिकेच्या शाळेत ती वर्षानुवर्षं शुद्ध मराठी शिकवत होती, पण चिडली की तिच्या तोंडात नागपूर यायचं.

"पियानो आहे," अण्णा म्हणाले.

"दिसतंय ते. सोफा कुठे ठेवायचा?"

सोफा माझ्या खोलीत गेला. मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकती लागले होते. सकाळी कंपनीच्या बसनं जायचे ती अंधार पडल्यावर यायचे. त्यामुळे खोलीत सोफा आला काय आणि गेला काय, मला फारसा फरक पडत नव्हता.

मिसबाई म्हणजे अण्णांना लहानपणी पियानो शिकवणाऱ्या अँग्लो-इंडियन बाई. त्यांनी लग्न केलं नव्हतं. माझी आजी त्यांच्याकडे धुणंभांडी करायची आणि शाळा सुटली की अण्णा तिथे मागच्या पायरीवर बसून अभ्यास करायचे. आत कॉन्व्हेंटच्या मुली एकामागून एक शिकून जायच्या. आमच्या आजीआजोबांनी बुद्धधर्म स्वीकारला त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. त्याच सुमारास अण्णांना पेटी शिकायची हौस आली होती. एक काका त्यांना पेठेतल्या एका मास्तरांकडे घेऊन गेले. मास्तरांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाले, "सध्या जागा नाही." त्यांच्या दारावर 'नवीन विद्यार्थी घेणे चालू आहे' अशी पाटी होती. अण्णा हे सांगताना हसायचे. त्यांना पाटीचं हस्ताक्षरसुद्धा आठवत होतं.

आणि मग एके दिवशी मुली निघून गेल्यावर मिसबाई मागच्या दारात आल्या आणि पायरीवरच्या पोराला म्हणाल्या, "हाथ धोया?" त्यानं हात धुतले. त्यांनी त्याला पियानोसमोर बसवलं. आडनाव विचारलं नाही.

"पोरींना पण विचारायच्या का, हात धुतले का म्हणून?" आईनं एकदा विचारलं होतं.

"सगळ्यांना विचारायच्या," अण्णा म्हणाले आणि विषय बदलला.

अण्णा मॅट्रिक होईपर्यंत शिकले. मग आजोबा गेले, अण्णा टेलिफोन खात्यात चिकटले, पियानो सुटला. पण कॅम्पात जाणं सुटलं नाही. मिसबाईंचा टेलिफोन बिघडला की अण्णा स्वतः जायचे. आजी गेल्यावरही जायचे. पियानोला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नसावा, असं मला वाटतं. घरी ते त्याबद्दल बोलत नसत.

खात्यात अण्णांचं आयुष्य जुन्या यंत्रांच्या एक्स्चेंजमध्ये गेलं. दिवसरात्र खडखडणारी ती यंत्रं गेली आणि त्या जागी थंडगार, मुकी इलेक्ट्रॉनिक कपाटं आली, तेव्हा अण्णांना शेजारच्या खोलीत तक्रारी घ्यायला बसवलं. पुढं घरोघरी फोन झाले, मग मोबाइल आले. नवी पोरं कॉम्प्युटरवर बसून सगळं करायची. अण्णा काही वर्षं त्या टेबलाशी बसले आणि योजना आली तशी निवृत्ती घेऊन मोकळे झाले. मोकळे झाले म्हणजे घरात बसले.

बंगला विकायला मिसबाईंचा भाचा परदेशातून आला होता. मिसबाईंचं वय झालं होतं, त्या गॅस उघडा टाकून झोपायच्या. त्यानं त्यांना एका वृद्धाश्रमात ठेवलं. सामान विकलं. पियानो कुणी घेईना. अण्णांनी विचारल्यावर तो म्हणाला, "न्या. पण उद्याच न्या, परवा भिंत पाडणार आहेत."

पियानो आल्यावर अण्णांनी हात धुतले, पुसले, आणि बसले. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. एवढं कळलं की काहीतरी भयंकर बिघडलं आहे. एक पट्टी दाबली की एकाऐवजी दोनतीन आवाज यायचे आणि ते आपापसात भांडायचे. अण्णा चटकन थांबले. "प्रवासात झालं असेल," ते म्हणाले.

कॅम्पातल्या एका वाद्यांच्या दुकानदाराला त्यांनी बोलावून आणलं. त्याचे वडील पियानो जुळवण्याचं काम करायचे; तो स्वतः आता जपानी कीबोर्ड विकायचा. त्यानं पियानोची पुढची फळी काढून उभी ठेवली आणि आतला तो बिडाचा सांगाडा, त्यावर ताणलेल्या तारा पहिल्यांदाच मला दिसल्या. प्रत्येक तारेचं वरचं टोक एका पोलादी खुंटीला गुंडाळलेलं होतं. खुंट्यांच्या रांगाच रांगा. त्यानं तारा जुळवायची किल्ली एका खुंटीवर चढवली, फिरवली, स्वर वर आला. त्यानं किल्ली काढली. आम्ही तिघं बघत असताना स्वर हळूहळू खाली आला.

"बघा," तो म्हणाला. "तारा ठीक आहेत. खुंट्या गेल्यात."

"म्हणजे?"

"या बिडाच्या मागं लाकडाची जाड फळी आहे. खुंट्या त्यात ठोकलेल्या असतात. लाकूड सुकलं, भोकं मोठी झाली. खुंटी धरत नाही, तार तिला मागं फिरवते."

"मग काय करायचं?"

"फळी बदलायची. सगळ्या तारा उतरवायच्या, हा सांगाडा काढायचा, नवी फळी बनवून एकेक भोक पाडायचं. इथं ते कोण करणार? माझ्या वडिलांनीसुद्धा हात लावला नसता." मग त्याला बहुधा अण्णांच्या चेहऱ्याची दया आली. "काका, कीबोर्ड घ्या. तो कधी जुळवावाच लागत नाही."

अण्णांनी कीबोर्ड घेतला नाही. त्याच्या वडिलांची जुनी किल्ली मात्र मागून घेतली. तिचं त्याला काही काम उरलं नव्हतं.

दर रविवारी अण्णा वृद्धाश्रमात जायचे. कॅम्पातल्या बेकरीतून मिसबाईंना आवडणारा मऊ केक घ्यायचे. मी एकदोनदा बरोबर गेले. मिसबाई व्हरांड्यात खुर्चीत बसलेल्या असायच्या. फुलाफुलांचा फ्रॉक, वर उन्हाळ्यातही स्वेटर. अण्णांना पाहिलं की विचारायच्या, "ठीक हुआ?"

"हो रहा है, मिस. ठीक होने पर आपको ले जाऊँगा. आप बजाना."

"कब?"

"जल्दी."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. बाकी काय काय त्या विसरत होत्या, पण पियानो आपल्या या विद्यार्थ्याकडे आहे आणि तो दुरुस्त होतो आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. आमच्या घरी जायचं म्हणून त्यांनी एक फ्रॉक बाजूला काढून ठेवला होता, असं तिथल्या मदतनीस बाई मला म्हणाल्या.

अण्णांनी आधी सगळ्यात सोपं ते केलं. बोहरी आळीतून खुंटीवर धरून मारायची लोखंडी ठोकणी आणि जड हातोडी आणली आणि खुंट्या थोड्याथोड्या आत ठोकल्या. दुपारभर घरात घाव बसत होते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी येऊन विचारलं, "आपल्याकडे फरशीचं काम चाललंय का?" काही खुंट्यांनी धरलं. बाकीच्यांनी आठवडाभर धरल्यासारखं करून सोडलं.

मग त्यांनी एकेक खुंटी पिळून बाहेर काढली, पॉलिश पेपरची बारीक पट्टी तिच्याभोवती गुंडाळली आणि परत ठोकली. हे काम फार नाजूक. तार गुंडाळलेलं वेटोळं सुटू द्यायचं नाही, आणि तार तुटू द्यायची नाही. एक तुटलीच. तिचं टोक अण्णांच्या गालावर लागलं आणि डोळ्याखाली रक्त आलं. आईनं हळद लावली आणि एक शब्दही बोलली नाही, यावरून मी समजले की ती फार घाबरली आहे.

मी ऑफिसात इंटरनेटवर शोधलं. परदेशातले पियानो जुळवणारे लोक एकमेकांशी चर्चा करायचे, ती पानं छापून आणून मी अण्णांना संध्याकाळी वाचून दाखवायचे. अण्णांना इंग्रजी येत होतं, पण त्यांना ते माझ्याकडून ऐकायला आवडायचं. थोड्या जाड खुंट्यांचा एक संच मिळतो असं त्यात होतं. आमच्या टीममधला एक जण अमेरिकेत कामाला गेला होता, तो येताना घेऊन आला. पोलादाची एवढी जड पिशवी बघून विमानतळावर त्याला बाजूला उभं केलं होतं म्हणे. अण्णांनी त्या खुंट्या हातात घेऊन उजेडात बघितल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला दिसला.

वरच्या स्वरांच्या खुंट्या त्यांनी बदलल्या आणि त्या बसल्या. खरंच बसल्या. किल्ली फिरवताना हाताला लाकूड लागतंय, असं अण्णा म्हणाले. खालच्या जाड तारांच्याही बसल्या. मधला भाग राहिला. तिथे नवी खुंटी ठोकताना लाकडातून बारीक कट्कन आवाज आला आणि अण्णांनी हातोडी खाली ठेवली. बॅटरी लावून आम्ही भोकात बघितलं. भोकाच्या कडेला चीर होती आणि ती शेजारच्या भोकापर्यंत गेली होती. तिथून पुढच्यापर्यंत. चीर जुनीच असावी, कारण आत धूळ बसली होती. मधले स्वर, म्हणजे माणूस ज्यावर सगळ्यात जास्त वाजवतो, ते सगळे त्या चिरेवर उभे होते.

त्या छापील पानांत शेवटचा एक उपाय होता. पातळ, झटकन चिकटणारा गोंद खुंटीच्या मुळाशी सोडायचा. तो लाकडात शिरतो, सुकला की खुंटीला धरून ठेवतो. पण उभ्या पियानोत गोंद भोकात न जाता खालीच ओघळणार, त्यामुळे आधी पियानोला पाठीवर निजवायचं. अण्णांनी स्वारगेटजवळच्या एका टायरवाल्याकडून जुनी टायरं आणली, सोसायटीतले चार धडधाकट पुरुष बोलावले आणि रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये पियानो टायरांवर आडवा झाला. बघे बरेच होते. एका आजोबांनी विचारलं, "ऑपरेशन केव्हा आहे?"

अण्णा त्यावर वाकून गोंदाच्या इवल्याशा नळ्या एकेका खुंटीच्या मुळाशी रिकाम्या करायचे. वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. आईनं सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि स्वतः शेजारच्या घरी जाऊन बसली. चीर होती तिथं अण्णांनी जास्त गोंद सोडला. मग वाट पाहिली. मग परत सोडला. आठवडाभर आम्ही त्या आडव्या पियानोला वळसा घालून स्वयंपाकघरात जात होतो.

पियानो उभा केला तेव्हा पावसाळा लागला होता. अण्णांनी सगळा जुळवला आणि तो धरला. एक आठवडा, दोन आठवडे. अण्णा रोज सकाळी एकेक पट्टी दाबून बघायचे आणि मान हलवायचे. त्या दिवसांत ते मंडईत जाऊन भाजी आणायचे, आईला चिडवायचे, मला सकाळी उठवायला काहीतरी वाजवायचे. मला संगीतातलं काही कळत नाही, पण त्या वाजवण्यात बढाई नव्हती एवढं कळायचं. चुकलं की थांबायचे आणि तिथूनच परत सुरू करायचे. आईनं पियानोवर बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली, आणि आईनं एखाद्या गोष्टीवर मूर्ती ठेवली म्हणजे ती गोष्ट घरात राहणार असं समजायचं.

"मिसबाईंना आणा आता," तीच म्हणाली.

पण पावसाळ्यात मिसबाईंना ताप येत होता, खोकला होता. वृद्धाश्रमातल्या सिस्टर म्हणाल्या, पाऊस संपू दे. दसरा झाला. ऑक्टोबरचं ऊन पडलं, भिंती तापल्या, दारं-खिडक्या पावसाळ्यात फुगलेल्या होत्या त्या सैल झाल्या. पियानोचे मधले स्वर उतरायला लागले.

अण्णांनी ते आम्हाला सांगितलं नाही. मला एका सकाळी उठल्यावर दिसलं, ते किल्ली घेऊन उभे होते.

"परत?"

"थोडंसं," ते म्हणाले. "लाकूड सुकतंय. ओढून घेतो."

ज्या शनिवारी मिसबाईंना आणायचं ठरलं होतं, त्या दिवशी ते सकाळपासून जुळवत होते. एक स्वर वर आणायचा तोवर मागचा उतरलेला. मी म्हटलं, "अण्णा, पुढच्या महिन्यात आणू. थंडी पडल्यावर."

"थंडीत आणखी सुकेल," ते म्हणाले. "आणि त्यांनी तो फ्रॉक काढून ठेवलाय."

दुपारी आम्ही त्यांना रिक्षानं आणलं. बरोबर वृद्धाश्रमातल्या मदतनीस बाई होत्या. आईनं चांगले कप काढले होते, केक कापून ठेवला होता. मिसबाई हॉलच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी पियानोकडे बघितलं. अण्णांनी त्यांना हाताला धरून स्टुलावर बसवलं. त्यांची बोटं वाकडी झाली होती. त्यांनी ती पट्ट्यांवर ठेवली आणि उजव्या हातानं वरचे स्वर वाजवायला सुरुवात केली. ते स्वर स्वच्छ होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांचा हात खाली मध्यावर आला आणि त्या थांबल्या. पुन्हा तीच पट्टी दाबली. पुन्हा दाबली. ते बेसूर आवाज हॉलभर भांडत राहिले.

"ये किसका है?" त्यांनी विचारलं.

"आपका है, मिस."

"मेरा नहीं है."

"आपका ही है मिस. बंगले से लाया. थोड़ा काम बाकी है."

"मेरा ऐसा नहीं था." त्या वळल्या आणि अण्णांकडे बघायला लागल्या. ओळख होती त्या नजरेत, पण कसली ते आधी मला कळलं नाही. "मेरा किदर है? तेरी माँ को बुलाव. चाबी उसके पास रहती थी. उसको पूछो मेरा प्यानो किदर ले के गई."

माझी आजी जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

"मैंने घर में लिया इन लोगों को," मिसबाई मदतनीस बाईंना म्हणाल्या. अगदी शांतपणे, तक्रार सांगावी तसं. "अंदर बिठाया. देखो."

आई स्वयंपाकघराच्या दारात कपांचा ट्रे घेऊन उभी होती. "त्यांना सांगा," ती अण्णांना म्हणाली, "माझी सासू..."

"तू गप्प बस," अण्णा म्हणाले. त्यांनी आईला असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मदतनीस बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "साहेब, मनावर घेऊ नका. त्यांना आता काही कळत नाही. आमच्यावर पण घेतात चोरीचा आळ."

"नाही नाही," अण्णा म्हणाले. "मला माहीत आहे."

ते गुडघ्यावर बसले आणि मिसबाईंना समजावत राहिले. पियानोच्या कडेचा ओरखडा दाखवला, मेणबत्तीनं जळलेला डाग दाखवला. त्या बघत होत्या आणि नाही नाही म्हणून मान हलवत होत्या. शेवटी त्या उठल्या. चहा घेतला नाही. रिक्षात बसताना त्यांनी अण्णांचा हात झटकला आणि मदतनीस बाईंचा धरला.

संध्याकाळी आई कप धूत होती आणि अण्णा हॉलमध्ये बसले होते. आई आतूनच बोलली, "मनात होतं तेच बाहेर आलं."

"आजार आहे तो."

"आज बोलल्या तो आजार. आणि तुम्हाला शिकवलं, तेव्हा त्या स्वतः होत्या. असं का?"

अण्णा उठून आत गेले आणि धुतलेले कप पुसायला लागले. मी बऱ्याचदा विचार केला आहे, की पायरीवरच्या पोराला आत बोलावणाऱ्या बाई खऱ्या की त्या दुपारच्या, आणि प्रत्येक वेळी मधेच विचार सोडून दिला आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अण्णा केक घेऊन गेले. सिस्टरनी त्यांना ऑफिसात बसवलं आणि फार आदबीनं सांगितलं, की मिसबाई कालपासून अस्वस्थ आहेत, पियानो चोरीला गेला म्हणून सगळ्यांना सांगतात, पोलीस बोलवा म्हणतात. काही दिवस आपण आला नाहीत तर बरं. अण्णांनी केक तिथे ठेवला. पुढच्या रविवारीही ते गेले आणि फाटकावरच केक देऊन परत आले. असं ते बरेच महिने करत राहिले. केक मिसबाईंपर्यंत पोचायचा का, आणि कुणी दिला ते त्यांना सांगायचे का, हे आम्हाला कधी कळलं नाही.

घरी त्यांनी आणखी गोंद आणला, पण पियानो परत आडवा करायला त्यांनी सोसायटीतल्या लोकांना बोलावलं नाही. उभ्याच पियानोत कापसाच्या बोळ्यानं गोंद लावत बसायचे. तो ओघळायचा. मधल्या तारांवर त्याचे पांढरे डाग पडले.

मिसबाई उन्हाळ्यात गेल्या. आम्हाला कुणी कळवलं नाही. कळवायला आम्ही कोण होतो? अण्णा केक घेऊन फाटकावर गेले तेव्हा वॉचमननं सांगितलं, दफन होऊन चार दिवस झाले. तो केक ते परत घेऊन आले. आईनं तो डब्यात ठेवला, आणि खराब झाल्यावर टाकला.

त्यानंतर भाचा कागदपत्रांसाठी पुण्यात आला आणि जाण्याआधी आमच्याकडे येऊन गेला. चांगला माणूस होता, घाईत होता. अण्णांनी मावशीची इतकी वर्षं विचारपूस केली, त्याबद्दल त्यानं आभार मानले. पियानो उघडा होता, खुंट्या दिसत होत्या. त्यानं उभ्याउभ्या दोनचार पट्ट्या दाबल्या आणि हसला.

"असाच होता हा," तो इंग्रजीत म्हणाला. "मी लहानपणी सुट्टीला यायचो तेव्हापासून. मावशी कुणाकुणाला आणून दाखवायची. सगळे म्हणायचे, खुंट्या गेल्यात. तरी ती त्यावरच वाजवायची. तिला जुळवलेला कसा वाजायचा ते आठवायचं बहुतेक."

"नाही," अण्णा म्हणाले. "मी शिकत होतो तेव्हा तो सुरात होता."

"असेलही," भाचा सभ्यपणे म्हणाला. "तुम्ही माझ्या थोडं आधीचे." चहा संपवून तो गेला.

अण्णा मधल्या पट्ट्यांवरची धूळ पुसत बसले होते. मी ऑफिसातून आणलेलं काम उघडून बसले होते.

"मला तेव्हा कळत नसेल," ते म्हणाले.

"काय?"

"सुरात आहे की नाही. दुसरा पियानो मी ऐकलाच कुठे होता?"

मी म्हटलं, असं कसं, तुमचा कान चांगला आहे, दुकानदारसुद्धा म्हणाला होता. ते हो म्हणाले. मुलगी समजूत घालते आहे, तिला घालू द्यावी, अशा स्वरातलं हो होतं ते.

त्या दिवसानंतर किल्ली त्यांनी हातात घेतली नाही. पियानो देऊन टाकायचं ठरवलं तर तो कुणाला नको होता. एका शाळेत विचारलं, त्यांनी कीबोर्ड घेतले होते. चर्चमध्ये एक आधीच बंद पडून होता. शेवटी डेक्कनजवळ नवीन निघणाऱ्या एका कॉफीशॉपच्या मुलांनी येऊन बघितला. त्यांना तो शोभेसाठी हवा होता. "अंकल, आतलं सगळं काढलं तर चालेल ना? वजन होतं. आत आम्ही कप्पे करणार, क्रोकरी ठेवायला." अण्णा लगेच चालेल म्हणाले. त्या मुलांनी आमच्या पार्किंगमध्येच सांगाडा काढला. तारा कापताना एकेक आवाज होत होता. अण्णा तेव्हा बँकेत गेले होते. सांगाडा आणि खुंट्या भंगारवाल्यानं नेल्या. सोफा हॉलमध्ये परत आला.

मला त्याच वर्षी कंपनीनं परदेशी पाठवलं. परत आल्यावर मी सोसायटीच्या कार्यक्रमाला अण्णांबरोबर खाली गेले होते. कुणाच्या तरी मुलानं कीबोर्ड वाजवला, टाळ्या झाल्या. मग सेक्रेटरींनी माईकवरून सांगितलं, "आपल्यात एक ज्येष्ठ पियानोवादक आहेत, हे फार थोड्यांना माहीत असेल. साहेब, आपण दोन मिनिटं या ना वर."

सगळे अण्णांकडे वळून बघायला लागले. अण्णा जागेवरूनच हात जोडून म्हणाले, "मला वाजवता येत नाही हो. आमच्याकडे नुसता ठेवलेला होता."

सेक्रेटरी हसले, लोक हसले, आणि पुढचा कार्यक्रम सुरू झाला. मी अण्णांकडे बघत होते. ते समोर स्टेजकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "जेवण कुठे लावलंय, मागच्या बाजूला का?" आणि आम्ही रांगेत जाऊन उभे राहिलो.